चूल आणि विद्यापीठ

घर चालविणे हे विद्यापीठात शिकण्याचे शास्त्र आहे काय? हा प्रश्न आपल्याकडे चारचौघांत काढला तर उत्तरे बहुधा दोनच मिळतात. एक पक्ष म्हणतो, आमच्या आजीने कोणत्या कॉलेजात जाऊन वीस माणसांचा संसार ओढला? दुसरा पक्ष म्हणतो, मुलींना पुन्हा चुलीशीच बांधायचे असेल तर पदवीचा खटाटोप कशाला? पहिल्याला हा विषय अनावश्यक वाटतो, दुसऱ्याला तो अपमानकारक वाटतो. पण एका गोष्टीवर दोन्ही पक्षांचे, न बोलता, एकमत असते. घरातले काम हे ज्ञानाचा विषय होण्याइतके मोठे नाही, अशी दोघांचीही मनातून खात्री असते. ही खात्री कितपत खरी आहे, हे ज्या देशातील विद्यापीठांत या विषयाने सर्वांत मोठा संसार थाटला त्या अमेरिकेच्या इतिहासावरून तपासून पाहावे, असा आमचा हेतू आहे.

अमेरिकेतील अनेक राज्य-विद्यापीठांत हा विषय आज 'कुटुंब, ग्राहक व मानव-शास्त्रे' अशा किंवा यासारख्या लांबलचक नावाने शिकविला जातो. शंभर वर्षांपूर्वी त्याचे नाव 'होम इकॉनॉमिक्स', म्हणजे गृहार्थशास्त्र, असे होते. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे की, घरकामाला विद्यापीठात जागा मिळाल्यामुळे ते मोजता येऊ लागले आणि हा फार मोठा लाभ झाला. परंतु ही जागा बायकांसाठी राखलेल्या कोपऱ्यात होती, म्हणून त्या मोजमापाचा आकडा समाजाच्या जमाखर्चाच्या वहीत चढावयाचा तो चढला नाही. पुढील सर्व विवेचन या दोन विधानांच्या आधाराने करावयाचे आहे.

करदात्याची मुलगी

अमेरिकेत यादवी युद्ध चालू असतानाच, १८६२ च्या जुलैमध्ये, मॉरिल कायदा संमत झाला. दान म्हटले की आपल्याला विनोबांचे भूदान आठवते. हे दान निराळे होते. मध्यवर्ती सरकारने प्रत्येक राज्याला, त्याच्या काँग्रेसमधील दर प्रतिनिधीमागे ३०,००० एकर, या हिशेबाने जमीन दिली. ती विकून येणाऱ्या पैशाच्या व्याजावर शेती व यंत्रविद्या शिकविणारी महाविद्यालये काढावीत, अशी अट होती. ही जमीन मूळच्या रहिवासी जमातींकडून घेतलेली होती, हेही येथेच सांगितले पाहिजे. कारण सरकारच्या औदार्याची किंमत पुष्कळदा दुसराच कोणी मोजत असतो.

या महाविद्यालयांचे वैशिष्ट्य असे की, ती शेतकऱ्याची व कारागिराची होती. ग्रीक-लॅटिन शिकून पाद्री किंवा वकील होणाऱ्यांसाठी जुनी कॉलेजे होतीच. पण शेतकऱ्याच्या पैशावर चालणाऱ्या कॉलेजात त्याचा मुलगा खते आणि बियाणे यांचे शास्त्र शिकणार असेल, तर त्याच्या मुलीने काय शिकावे, हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. मुलगी घरी राहणार, आणि शेतावरचे घर म्हणजे एक कारखानाच: दूध, लोणी, कोंबड्या, धुणे, शिवण, आजारपण, बाळंतपण, सारे तेथेच. तेव्हा शेताचे शास्त्र होते तसे घराचेही शास्त्र असावे, हा विचार ओघानेच आला. १८७० नंतरच्या चार-पाच वर्षांत आयोवा, कॅन्सस आणि इलिनॉय या तीन ठिकाणी असे वर्ग निघाले. इलिनॉयच्या विद्यापीठात लुईसा अ‍ॅलन या तरुण शिक्षिकेने १८७४ मध्ये गृहशास्त्राचा पूर्ण पदवी-अभ्यासक्रम आखला. तिने १८८० मध्ये नोकरी सोडली आणि तो वर्गही बंद पडला. त्यानंतर वीस वर्षे तेथे हा विषय नव्हता. एका व्यक्तीच्या उत्साहावर उभी असलेली गोष्ट त्या व्यक्तीबरोबर जाते, याचे हे उदाहरण होय.

पाणी तपासणारी बाई

विषयाला पाया लागतो तो शास्त्राचा, आणि तो घातला एलेन स्वॉलो रिचर्ड्स या बाईंनी. त्यांचा जन्म १८४२ चा. व्हासार कॉलेजची पदवी घेऊन त्या बोस्टनच्या तंत्रविद्या-संस्थेत, म्हणजे ज्या संस्थेला आज आपली मुले एम. आय. टी. म्हणून ओळखतात तेथे, रसायनशास्त्र शिकावयास गेल्या. संस्थेने त्यांना घेतले, पण फी घेतली नाही. त्यांना ती सवलत वाटली. मागाहून कळले की, कोणी आक्षेप घेतलाच तर 'ही आमची विद्यार्थिनी नव्हे' असे म्हणता यावे, म्हणून ती फी घेतलेली नव्हती. १८७३ मध्ये त्या तेथून पदवीधर झाल्या आणि पुढे त्याच संस्थेत आरोग्य-रसायनाच्या अध्यापिका म्हणून १९११ साली मृत्यू येईपर्यंत काम करीत राहिल्या.

१८८७ पासून मॅसॅच्युसेट्स राज्यातील नद्या, तलाव व विहिरी यांच्या पाण्याची जी प्रचंड तपासणी झाली, तिच्यातील हजारो नमुने त्यांच्या प्रयोगशाळेतून गेले. समुद्रकिनाऱ्यापासून आत जावे तसतसा पाण्यातील क्षाराचा स्वाभाविक अंश कमी होत जातो. तो किती असावा याचा नकाशा तयार झाला, की ज्या ठिकाणी तो त्याहून जास्त आढळेल तेथे माणसाच्या वस्तीची घाण मिसळते आहे असे अनुमान काढता येते. इतके स्वच्छ आणि इतके उपयोगी शास्त्र क्वचितच पाहावयास मिळते. रिचर्ड्सबाईंचे म्हणणे असे की, नदीला लावलेली हीच नजर स्वयंपाकघराला लावावी. घरातले दूध, पीठ, साखर, भिंतीचा रंग, सांडपाण्याची नळी, हवा, सर्वच तपासावे.

१८९३ साली शिकागोस जे जागतिक प्रदर्शन भरले, ते आपल्याला तेथील धर्मपरिषदेमुळे आणि स्वामी विवेकानंदांमुळे माहीत आहे. त्याच प्रदर्शनात रिचर्ड्सबाईंनी एक छोटे स्वयंपाकघर मांडले होते. तेथे थोड्या पैशांत जेवण मिळे आणि ताटाबरोबर, त्यात प्रथिने किती, स्निग्ध पदार्थ किती, उष्मांक किती, हे सांगणारा कागद मिळे. आज बिस्किटाच्या पुड्यावर आपण जो तक्ता वाचतो (किंवा वाचीत नाही), त्याचा हा पूर्वज म्हणावयास हरकत नाही.

मात्र हे सांगताना त्यांना आलेले अपयश झाकून ठेवणे बरोबर होणार नाही. १८९० मध्ये बोस्टनच्या गरीब वस्तीत त्यांनी स्वस्त व पौष्टिक अन्नाचे केंद्र काढले होते. अन्न पौष्टिक होते, पण बोस्टनकरांच्या जिभेचे. इटलीहून, आयर्लंडहून, पूर्व युरोपातून आलेल्या मजुरांना ते बेचव लागे. ते फिरकले नाहीत. प्रयोगशाळेने अन्नातील नत्र मोजले, पण माणूस आपल्या आईच्या हातची चव शोधीत असतो, ती मोजली नाही. जेवणाऱ्याला न विचारता त्याचे हित ठरविण्याची ही चूक पुढेही या शास्त्राची पाठ सोडीत नाही.

६४० की ३३९?

१८९९ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्क राज्यातील लेक प्लॅसिड येथे अकरा माणसे जमली. यजमान होते मेल्विल ड्यूई आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅनी. ग्रंथालयांत पुस्तकांवर जे दशांश क्रमांक घालतात, ती पद्धत याच ड्यूईंची. या बैठकीत विषयाला 'होम इकॉनॉमिक्स' हे नाव मिळाले. पुढे दहा वर्षे अशा परिषदा भरल्या आणि १९०८ संपता संपता त्यांतून अमेरिकन गृहार्थशास्त्र संघ निघाला. रिचर्ड्सबाई त्याच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या.

नावावरून एक बारीकशी, पण अर्थपूर्ण चर्चा तेथे झाली. ड्यूईंच्या पद्धतीत गृहव्यवस्थेचा क्रमांक ६४०, म्हणजे शेती, वैद्यक, कारखानदारी इत्यादी 'उपयुक्त कलां'च्या रांगेत. लेक प्लॅसिडच्या मंडळींचे मत असे पडले की, या विषयाचे खरे स्थान अर्थशास्त्रात, संपत्तीच्या उपभोगाच्या शाखेत, म्हणजे ३३९ या क्रमांकाच्या आसपास आहे. देशात संपत्ती निर्माण कशी होते हे अर्थशास्त्री सांगतात. ती वापरली कशी जाते आणि तिच्यातून माणूस कसा घडतो, हे सांगणारे कोणी नाही, ते आपण सांगू, अशी त्यांची प्रतिज्ञा होती. ही प्रतिज्ञा ग्रंथालयाने मानली नाही. ड्यूईंची पद्धत वापरणाऱ्या कोणत्याही वाचनालयात जाऊन पाहावे: पाकक्रियेची आणि शिवणाची पुस्तके ६४० च्या कपाटात आहेत, आणि अर्थशास्त्र दूर तिकडे ३३० मध्ये. आमच्या मते या विषयाचा सारा इतिहास या दोन कपाटांमधील अंतराचा इतिहास आहे.

इलिनॉयचा वाद

१९०० साली इलिनॉयच्या विद्यापीठाने बंद पडलेला विषय पुन्हा सुरू केला आणि तेथे इझाबेल बेव्हियर यांना बोलावले. या बाई मूळच्या रसायनशास्त्राच्या. पण त्यांना रसायन शिकविणाऱ्या प्राध्यापकांनीच सल्ला दिला होता की, रसायनशास्त्रात बाईला भवितव्य असेल तर ते अन्नाच्या रसायनात आहे. सल्ला हिताचा होता. पण त्यात एक दार उघडत होते आणि बाकीची सारी बंद होत होती, हेही उघड आहे. त्या काळच्या बहुतेक गृहशास्त्रज्ञ स्त्रिया अशाच आलेल्या आहेत. रसायन, जीवशास्त्र, अर्थशास्त्र यांच्या मुख्य दारातून ज्यांना आत घेतले नाही, त्या स्वयंपाकघराच्या दाराने विद्यापीठात शिरल्या.

बेव्हियरबाईंनी विभागाला 'गृहविज्ञान' हे नाव हट्टाने दिले आणि रसायन आल्याशिवाय पुढची पायरी नाही असा दंडक घातला. त्यांच्या विभागात मांस भाजताना त्याच्या पोटात तापमापक खुपसून कोणत्या अंशाला ते आत शिजते हे पाहण्यात आले. आज ही गोष्ट क्षुल्लक वाटते. पण तोपर्यंत जे ज्ञान केवळ हाताच्या अंदाजात आणि सासूच्या बोलण्यात होते, ते आता कागदावर लिहून दुसऱ्याला देता येऊ लागले, आणि हा फरक क्षुल्लक नव्हे. आपल्याकडे पुरणात गूळ केव्हा घालावा आणि पाक एकतारी केव्हा झाला म्हणावे, हे ज्यांनी दुसऱ्याला शिकविले आहे त्यांना या फरकाची किंमत कळेल.

तथापि खेड्यापाड्यांतील शेतकरीणबाईंच्या मंडळांना हे रुचले नाही. आमच्या मुलींना स्वयंपाक व शिवण नीट शिकवा, रसायनाची सूत्रे घेऊन त्या घरी काय करणार, अशी त्यांची तक्रार होती, आणि ती विद्यापीठाच्या अध्यक्षांपर्यंत गेली. बेव्हियरबाई हटल्या नाहीत. स्वयंपाकीण तयार करणे हे विद्यापीठाचे काम नव्हे, या भूमिकेवर त्या १९२१ पर्यंत ठाम राहिल्या.

या वादात सारे शहाणपण एकाच बाजूला होते असे आम्हांला वाटत नाही. ज्या बाईच्या करातून विद्यापीठ चालते, तिला तिच्या उद्याच्या कामाला उपयोगी पडेल असे काही मागण्याचा अधिकार होताच. पण केवळ कौशल्य दिले तर मुलगी आहे त्याच चुलीपाशी अधिक चांगली स्वयंपाकीण होते. शास्त्र दिले तर ती चूल बदलू शकते. पुढे १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने शाळांतील गृहशिक्षणाला सरकारी पैसा मिळाला, आणि विद्यापीठांतील या विभागांचे मोठे काम शाळांसाठी शिक्षिका तयार करणे हे झाले. पैशाने हा वाद पुष्कळ अंशी कौशल्याच्या बाजूने मिटविला.

पावले आणि बाळे

विषयाचा सर्वांत उजळ भाग दिसतो तो कॉर्नेलमध्ये. हे विद्यापीठ खाजगी देणगीतून निघालेले असले, तरी त्याचे शेतीचे व पुढे गृहशास्त्राचे महाविद्यालय न्यूयॉर्क राज्याच्या खर्चाने चाले. १९०० मध्ये मार्था व्हॅन रेन्सेलर या शाळाखात्यात काम केलेल्या बाईंना तेथे शेतकऱ्यांच्या बायकांसाठी वाचनपत्रिका लिहिण्याचे काम दिले गेले. त्यांची पहिली पत्रिका निघाली १९०१ मध्ये, आणि तिचा विषय होता पावले वाचविण्याचा. पाण्याचा पंप कोठे, चूल कोठे, भांड्यांची फळी कोठे, आणि या त्रिकोणात बाई दिवसभर किती हेलपाटे घालते, याचा विचार त्या घरांत त्यापूर्वी कोणी केला नव्हता. नवऱ्याच्या नांगराला नवे फाळ आले होते. बायकोच्या पावलांचा हिशेब प्रथमच होत होता. उत्तरादाखल शेतकरीणींची पत्रे हजारांनी आली. १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने हेच काम देशभर पसरले आणि विद्यापीठाच्या शिक्षिका गावोगाव जाऊ लागल्या.

१९११ मध्ये व्हॅन रेन्सेलर व त्यांच्या सहकारी फ्लोरा रोझ यांना प्राध्यापकपद देण्याचा प्रश्न आला. स्त्रियांना प्राध्यापक नेमणे आपल्याला पसंत नाही, पण गृहशास्त्र विभागात नेमण्यास हरकत नाही, अशा अर्थाचा ठराव तेथील अध्यापकवर्गाने केला. दार आणि भिंत एकाच वाक्यात बसविण्याची ही किमया लक्षात ठेवण्याजोगी आहे.

त्याच कॉर्नेलमध्ये सुमारे १९२० पासून एक प्रयोग सुरू झाला, त्याच्याकडे आज पाहताना मन अस्वस्थ होते. विद्यार्थिनींना संसाराचा सराव व्हावा म्हणून एक घर असे, आणि त्यात अनाथाश्रमातून आणलेले एक खरे तान्हे मूल असे. मुली पाळीपाळीने, काही आठवडे एक, काही आठवडे दुसरी, अशा त्याची आई होत. विषयाच्या इंग्रजी नावाचे तुकडे जोडून बनविलेले 'डोमेकॉन' हे त्या बाळांचे आडनाव असे. बाळे गुटगुटीत होत. दूध, झोप, वजन यांच्या नोंदी काटेकोर असत. वर्षभराने ती दत्तक जात आणि घेणाऱ्यांना ती आवडतही. पण लहान मुलाला एकाच माणसाचा सहवास लागतो, त्याच्या मायेची खूण पटावी लागते, हे बालमानसशास्त्राने १९५० च्या सुमारास जोराने मांडले, आणि या पद्धतीवरचा विश्वास उडत गेला. १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ती संपली. बोस्टनच्या मजुराची चव जशी मोजावयाची राहिली, तसेच येथेही एक राहून गेले होते.

कोणी केले तर पैसे द्यावे लागतील?

आता आपण ३३९ च्या कपाटाकडे वळू. १९२३ मध्ये हेझेल किर्क या अर्थशास्त्रज्ञ बाईंचा उपभोगाच्या सिद्धांतावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे त्या शिकागोस शिकवीत असताना त्यांच्या हाताखाली मार्गारेट रीड तयार झाल्या. रीडबाई आयोवाच्या राज्य-महाविद्यालयात शिकवीत, आणि त्यांनी १९३४ मध्ये घरगुती उत्पादनाच्या अर्थशास्त्रावर ग्रंथ लिहिला.

त्यापूर्वी अर्थशास्त्रात एक गमतीचे कोडे प्रसिद्ध होते. पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने ते मांडले होते. एखाद्याने आपल्या पगारी स्वयंपाकिणीशी लग्न केले, तर देशाचे उत्पन्न घटते. कारण काल त्याच पोळ्यांचा पगार होता, आज नाही. पोळ्या तेवढ्याच, घर तेच, भूकही तीच. रीडबाईंनी या कोड्यावर हसून न थांबता त्यातून एक कसोटी काढली. घरातले जे काम दुसऱ्या कोणाला पैसे देऊन करून घेता येईल, ते काम उत्पादक होय. स्वयंपाक, धुणे, मूल सांभाळणे, आजाऱ्याची सेवा, हे सर्व या कसोटीला उतरते. स्वतः जेवणे, झोपणे, चित्र पाहणे हे उतरत नाही, कारण ते आपल्यासाठी दुसऱ्याला करता येत नाही. ही कसोटी इतकी साधी आहे की, आपल्यापैकी कोणीही ती आज रात्री घरी जाऊन लावून पाहावी.

गंमत अशी की, त्याच १९३४ साली सायमन कुझ्नेट्स यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा अहवाल सादर केला, आणि गृहिणींच्या श्रमाचे मोल करण्यास विश्वसनीय आधार नाही म्हणून ते हिशेबाबाहेर ठेवले. वगळले आहे हे त्यांनी प्रांजळपणे नमूद केले होते. पुढे जगाने त्यांची बेरीज उचलली आणि ती नोंद विसरली. मोजण्याची रीत गृहशास्त्राच्या विभागात तयार होत होती. पण तो विभाग बायकांचा, म्हणून अर्थमंत्र्यांच्या कचेरीतून तेथे कोणी चौकशीला गेले नाही.

तथापि एक आकडा त्या कोपऱ्यातून निसटून थेट राज्यकारभारात गेला. अमेरिकन सरकारच्या गृहशास्त्र खात्यात काम केलेल्या मॉली ऑर्शान्स्की या बाईंनी १९६३ ते १९६५ च्या दरम्यान दारिद्र्याची रेषा आखली. गृहशास्त्रज्ञांनी तयार केलेला सर्वांत काटकसरीचा आहार घेतला. १९५५ च्या पाहणीवरून कुटुंब आपल्या मिळकतीचा सुमारे तिसरा हिस्सा अन्नावर खर्च करते असे दिसले होते. म्हणून त्या आहाराच्या किमतीची तिप्पट केली. त्याखाली जो तो गरीब. अमेरिकेची अधिकृत दारिद्र्यरेषा येथून निघाली. आपल्याकडे पुण्याच्या गोखले संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्याचा जो अभ्यास केला, त्यातही माणशी रोज २,२५० उष्मांक हे माप होते. देशाची गरिबी मोजावयाची झाली की मोठमोठ्या अर्थशास्त्रज्ञांनाही शेवटी स्वयंपाकघरात येऊन डबे उघडून पाहावे लागतात.

नाव बदलले

१९६० नंतर वारे फिरले. मुलींना वैद्यक, कायदा, रसायन यांची मुख्य दारे हळूहळू उघडली, आणि मग मागल्या दाराची लाज वाटू लागली. १९७० च्या दशकाच्या आरंभी एका प्रसिद्ध स्त्रीवादी लेखिकेने गृहार्थशास्त्र संघाच्या अधिवेशनातच त्या मंडळींना 'शत्रुपक्ष' म्हणून संबोधले. कॉर्नेलच्या महाविद्यालयाने १९६९ मध्ये 'मानव-परिस्थितिशास्त्र' असे नवे नाव घेतले. १९९३ मध्ये अ‍ॅरिझोनातील स्कॉट्सडेल येथे या क्षेत्रातील संस्था जमल्या आणि 'कुटुंब व ग्राहक-शास्त्रे' हे नाव ठरले. वर्षभरात जुन्या संघानेही ते स्वीकारले. अनेक ठिकाणी विषयाचे तुकडे झाले: पोषण एकीकडे गेले, बालविकास दुसरीकडे, वस्त्रशास्त्र तिसरीकडे, ग्राहकाचे अर्थशास्त्र चौथीकडे. विभाग जसे प्रतिष्ठित झाले, तसे त्यांच्या प्रमुखपदी पुरुषही येऊ लागले.

यात लाभ झाला हे नाकारता येत नाही. कुटुंबाचे कर्ज, विम्याची कागदपत्रे, म्हाताऱ्यांची शुश्रूषा, मुलांच्या बुद्धीची वाढ, हे सारे आज तेथे गंभीरपणे अभ्यासले जाते. पण पोषण, पैसा, मूल आणि वेळ या चारही गोष्टी एकाच बाईच्या एकाच दिवसात एकमेकींत गुंतलेल्या असतात, आणि त्या एकत्र पाहणारे डोळे या वाटणीत हरवले, अशी आम्हांला भीती वाटते.

आपल्या अंगणात

आपल्याकडे हा वाद अमेरिकेइतकाच जुना आहे. १८८४ मध्ये पुण्यात हुजूरपागेची मुलींची शाळा निघाली. मुलींना गृहकृत्यांना उपयोगी तेच शिकवावे असा टिळकांच्या 'केसरी'चा पक्ष होता, आणि मुलामुलींना एकच शिक्षण द्यावे असा आगरकरांचा. इलिनॉयच्या शेतकरीणबाई आणि बेव्हियरबाई यांच्या भांडणाशी ताडून पाहिले, म्हणजे दोन्हीकडचा प्रश्न एकच होता हे ध्यानात येते.

धोंडो केशव कर्वे यांच्या हाती १९१५ मध्ये टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका आली, आणि त्याच वर्षाअखेर मुंबईच्या सामाजिक परिषदेत अध्यक्षपदावरून त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. १९१६ मध्ये ते पुण्यास स्थापन झाले. जपानचे ते विद्यापीठ १९०१ मध्ये नारुसे यांनी काढले, त्यात गृहशास्त्राचा स्वतंत्र विभाग होता, आणि नारुसे स्वतः अमेरिकेत शिकून आलेले होते. अमेरिकेचा वारा टोकियोला वळसा घालून हिंगण्याला पोहोचला तो असा.

दुसरा वारा थेट आला. १९४९ मध्ये बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता. जागतिक मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दाऐवजी 'सर्व मानव' असा शब्द यावा म्हणून झटलेल्या त्या याच. १९५० मध्ये तेथे गृहविज्ञानाची विद्याशाखा निघाली, आणि तिच्या उभारणीला अमेरिकेहून फ्लेमी किट्रेल या बाई आल्या. त्या कृष्णवर्णीय. दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने राबणाऱ्या कुटुंबात १९०४ मध्ये त्या जन्मल्या, आणि १९३६ मध्ये कॉर्नेलमधून गृहशास्त्राची डॉक्टरेट मिळविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या. दक्षिणेकडील राज्यांत गोऱ्यांची आणि काळ्यांची विद्यापीठे वेगळी असण्याचा तो काळ. लायबेरियात १९४७ मध्ये त्यांनी आहाराची पाहणी केली होती. तेथे त्यांना दिसले की, लोकांचे पोट भरलेले असते आणि शरीर उपाशी असते. बडोद्याच्या मराठी-गुजराती मुलींना आहारशास्त्र शिकविण्यास ही बाई आली, हा योगायोग आम्हांला विलक्षण वाटतो. भूक जवळून पाहिलेला माणूस ताटाकडे निराळ्या नजरेने पाहतो.

१९६० मध्ये पंतनगरला कृषी विद्यापीठ निघाले ते इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने, आणि त्याच्या धर्तीवर राज्याराज्यांत कृषी विद्यापीठे झाली. परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठात गृहविज्ञानाचे महाविद्यालय निघाले, तेही त्याच परंपरेतले. बडोद्याच्या शाखेला आता 'कुटुंब व समुदाय-विज्ञान' म्हणतात, परभणीच्या महाविद्यालयाला 'सामुदायिक विज्ञान'. नावाचा संकोच समुद्र ओलांडून येथेही आला आहे.

आणि घरातले काम? केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पहिली मोठी पाहणी केली. त्या वर्षी एका दिवसात शंभरांतील ८१ स्त्रिया बिनपगारी घरकाम करीत होत्या, आणि शंभरांतील २६ पुरुष. करणाऱ्या स्त्रीचा त्यात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे वेळ जाई. करणाऱ्या पुरुषाचा ९७ मिनिटे. २९९ मिनिटे म्हणजे जवळजवळ पाच तास. रीडबाईंची कसोटी लावली तर हे सर्व उत्पादक श्रम आहेत. राष्ट्रीय उत्पन्नाच्या बेरजेत मात्र ते नाहीत.

तेव्हा आरंभीच्या दोन पक्षांना आमचे उत्तर असे आहे. आजीने कॉलेजात न जाता संसार ओढला हे खरे. पण त्यात तिची किती पावले गेली हे कोणी मोजले नाही, म्हणून तिचे ओझे कोणाला दिसले नाही. आणि या शास्त्राने मुलीला चुलीशी बांधले हेही अर्धेच खरे आहे. ते केवळ मुलींना शिकविले, यात खरे बंधन होते. चुलीचे, दुधाचे, मुलाच्या झोपेचे, महिन्याच्या पगाराचे शास्त्र जर शास्त्र असेल, तर ते जेवणाऱ्या प्रत्येकाने शिकण्याचे आहे. आपल्या नगरातल्या कोणत्याही शाळेत हा विषय आजही मुलींच्या वर्गापुरता असेल, तर तो मुलांच्या वर्गात कधी जाणार, असे पालकांनी या सुट्टीतच विचारावे. त्यासाठी विद्यापीठाच्या ठरावाची वाट पाहण्याचे कारण नाही. वाचनालयातले ६४० चे कपाट सर्वांना उघडे आहे.